चिकटवण्याचा तास

मिस्त्रीने जोडलेली वस्तू सुटत नाही अशी त्याची ख्याती होती, आणि ती पसरवण्याचं निम्मं काम तो स्वतःच करायचा. कुणाकडे पाहुणा म्हणून गेला तरी आधी खुर्ची उलटी करून तिचे सांधे बघायचा, तोंड वाकडं करायचा आणि मगच बसायचा. त्याला खरं नाव होतं, पण ते विजेच्या बिलापुरतं उरलं होतं. गल्लीत सगळे त्याला मिस्त्रीच म्हणत.

घराच्या खालच्या मजल्यावर त्याचं सुतारकामाचं दुकान होतं आणि वर संसार. खाली तो भरपूर बोलायचा. फळीशी बोलायचा, पटाशीशी बोलायचा, रेडिओवरच्या बातम्यांना उलट उत्तरं द्यायचा. जिना चढून वर आला की मूग गिळून गप्प. त्यात मुलाचं लग्न झालं, घरात सून आली आणि उरलंसुरलं बोलणंही आटलं. सून पहिल्याच दिवशी त्याच्या बायकोला "मम्मी" म्हणाली. बायको त्या दिवसापासून जरा ताठ चालायला लागली. मिस्त्रीला ती "पप्पा" म्हणाली तेव्हा मात्र त्याने मागे वळून पाहिलं, कोण आलं म्हणून. पप्पा म्हणजे पायात बूट घालून ऑफिसला जाणारा कुणीतरी, अशी त्याची समजूत होती. आता त्या माणसाच्या वतीने आपण काय उत्तर द्यायचं, हे न कळल्यामुळे तो उत्तरच देईना.

मग घरात एक पद्धत पडून गेली. सून समोर बसलेली असायची आणि मिस्त्री बायकोला म्हणायचा, "तिला सांग, चहा चांगला झालाय."

बायको मान वळवून म्हणायची, "चहा चांगला झालाय म्हणतायत."

"त्यांना सांगा, अजून आहे," सून म्हणायची.

मुलगा लिफ्ट दुरुस्तीच्या कामावर दिवसभर कुठल्या ना कुठल्या इमारतीत अडकलेला. घरात असा कारभार चालतो हे त्याच्या गावीही नव्हतं.

माणूस वाईट नव्हता हो. सुनेला दिवस गेलेत हे कळलं त्या दिवशी त्याने खाली जाऊन रेडिओ बंद केला आणि भुशात बसून मनसोक्त रडून घेतलं, आणि वर येऊन बायकोला म्हणाला, "तिला सांग, जिना सांभाळून उतरायचा." नातवंडासाठी पाळणा करायचा त्याने मनाशी पक्कं केलं होतं. चांगलं मुरलेलं सागवान काढून ठेवलं होतं, दांड्यांची मापं भिंतीवर पेन्सिलीने लिहिली होती. आणि रंध्याला धार लावतोय तोवर सुनेच्या भावाने घडीचा पाळणा पाठवून दिला. चाकांचा. बटण दाबलं की त्यातून पक्ष्यांचा आवाज यायचा. मिस्त्रीने तो उलटा केला, सांधे पाहायला गेला तर सांधेच नव्हते, सगळं प्लॅस्टिक एका साच्यातून काढलेलं. दोन दिवस तो जेवताना कुणाकडेही न बघता जेवला.

"पाळणा आला तर आला," बायको म्हणाली. "तुम्ही दुसरं काहीतरी करा की बाळासाठी. माझ्या त्या क्लासला जा."

हा क्लास म्हणजे स्क्रॅपबुकचा क्लास. कोपऱ्यावरच्या स्टेशनरीच्या दुकानाच्या माडीवर दर शनिवारी भरायचा. फोटो, कागद, फिती, जुनी तिकिटं असलं सगळं एका वहीत मांडून आठवणींचं पुस्तक कसं करायचं, ते तिथे शिकवत. बायकोने मोठ्या हौसेने नाव घातलं होतं आणि नेमका तिचा गुडघा धरला. माडीचा उभा जिना तिला चढवेना. मिस्त्री आधी नको म्हणाला. मग, कात्री-पट्टीचं काम आहे, असं तिने सांगितल्यावर विचार करतो म्हणाला. आणि शनिवारी कानावर पेन्सिल, खिशात घडीची पट्टी आणि बगलेत काटकोन बघायचा गुण्या घेऊन निघाला.

माडीवर सगळ्या बायका. एक निवृत्त नर्स, एक बँकेतली कॅशियर, दोन मैत्रिणी सतत एकमेकींच्या कानात बोलणाऱ्या. टेबलावर गुलाबी फिती, चमचमणाऱ्या टिकल्या आणि नागमोडी कापणाऱ्या कात्र्या. मिस्त्री दारात उभा राहिला तर शिकवणाऱ्या टीचरबाई म्हणाल्या, "खिडकीचं काम ना? ती डावीकडची लागत नाही."

मिस्त्रीने आधी खिडकी लावून दिली आणि मग, मी शिकायला आलोय, असं सांगितलं. दोघी मैत्रिणींना हसू आवरेना.

पण टीचरबाई शिकवत चांगल्या होत्या. नवशिक्याने एकदम शंभर फोटोंचा ढीग घेऊन बसू नये, थोडेच घ्यावेत. एका पानावर एकच गोष्ट सांगावी. मुख्य फोटो आधी ठेवावा, बाकीचे त्याच्या भोवती. कडेला मोकळी जागा सोडावी. आधी नुसतं मांडावं, लांबून बघावं, मन भरलं तरच पुढे जावं. आणि प्रत्येक फोटोखाली आपल्या हाताने दोन शब्द लिहावेत, अक्षर कसं का असेना. मिस्त्रीला हे पटत गेलं. माप घ्या, मांडा, मग हात घाला; हे तर त्याच्याच धंद्यातलं शहाणपण. नागमोडी कात्रीला त्याने हात लावला नाही, पण गुण्या लावून असे काटकोनात कागद कापले की कॅशियरबाई स्वतःचे कागद घेऊन त्याच्यापाशी आल्या. निघताना टीचरबाई सगळ्यांना म्हणाल्या, "पुढच्या शनिवारी चिकटवणं. कुणीही चुकवू नका."

मिस्त्री जिना उतरताना मिशीतल्या मिशीत हसला. ज्याने अख्ख्या गल्लीची कपाटं जोडली, त्याला या बाई चिकटवणं शिकवणार! पुढच्या शनिवारी तो गेला नाही.

आता फोटो हवे होते. स्वतःच्या घरचे ट्रंकेत होते. सुनेच्या माहेरचे तिच्याकडून मागायला हवे होते, आणि इथे घोडं अडलं. मिस्त्रीने नेहमीप्रमाणे बायकोला सांगितलं, बायकोने सुनेला सांगितलं. पण या वेळी सून निरोप परत न पाठवता स्वतः जिना उतरून दुकानात आली. हातात पाकीट होतं. तिची आई बसमध्ये कंडक्टर होती आणि सून शाळेत असतानाच वारली होती, एवढं मिस्त्रीला माहीत होतं.

"पप्पा, हे आईचे," ती म्हणाली. "फारसे नाहीतच. फोटो काढायचा म्हटलं की तोंड घट्ट मिटून उभी राहायची. पुढचा दात तुटला होता ना तिचा. हा बघा, हा एकच हसतानाचा. हा काढताना फोटोवाला स्टुलावरून पडला होता." तिने तो फोटो बाजूला काढून त्याच्या हातात दिला. "बाळाला मला हीच आजी दाखवायची आहे. हा जपा हं. याची दुसरी कॉपी नाही."

फोटोतली बाई डोकं मागे टाकून, तुटक्या दातासकट, अगदी पोटापासून हसत होती. मिस्त्रीला वाटलं, काहीतरी बोलावं. छान आहे म्हणावं, काळजी करू नको म्हणावं. त्याने मान हलवली आणि रंध्यातला भुसा झटकला. सून पाकीट बाकावर ठेवून वर निघून गेली. मग मिस्त्री त्या फोटोला म्हणाला, "काळजी करू नका."

आणि तो कामाला लागला. जाड पुठ्ठ्याची पानं कापली. आवरणाला सागवानाचा पातळ पापुद्रा लावला, कडा घासून घासून रेशमी केल्या, आणि शिलाईवर त्याचा विश्वास नसल्यामुळे पितळी बिजागऱ्या बसवल्या. बायको कठडा धरत एकेक पायरी उतरून बघायला आली आणि म्हणाली, "हे पुस्तक आहे की दार?"

"शंभर वर्षं टिकेल."

"टिकेल हो. बाळाला उचलता आलं पाहिजे ना!"

फोटोंखाली आपल्या हाताने लिहायचं, तेही त्याने केलं. पण लिहिण्याची सवय त्याला फळ्यांवर मापं लिहिण्यापुरती. त्यामुळे मुलाच्या लहानपणच्या फोटोखाली आलं, "मुलगा. दोन फूट चार इंच." बायकोच्या फोटोखाली आलं, "बायको. उभी. उन्हात." आणि समोरासमोरच्या पानांवर कोण येणार, हे त्याने नात्यावरून ठरवलं नाही, मापावरून ठरवलं. फळ्यांची जोडी लावताना जसं आकाराला आकार जुळवतात, तसं. सुनेच्या आईच्या हसऱ्या फोटोच्या मापाचा ट्रंकेत एकच फोटो निघाला, तो त्याचा स्वतःचा. तरुणपणीचा. भरघोस मिशा, कपाळाला आठ्या, चेहरा असा की समोरच्याने जणू कर्ज बुडवलंय. डाव्या पानावर ती आणि उजव्या पानावर हा. पुस्तक मिटलं की दोघांची तोंडं एकमेकांवर येणार, हे त्याच्या ध्यानात आलं नाही. फळीला तोंड नसतं, त्यामुळे सुताराला असल्या गोष्टी सुचत नाहीत.

मग आला गोंद. टीचरबाईंनी दिलेल्या सामानात गोंदाची एक कांडी होती, ओठाला लावायच्या मलमासारखी. मिस्त्रीने ती बोटाने दाबून पाहिली आणि म्हणाला, "हिने माशीसुद्धा चिकटणार नाही." त्याने फळीवरून पांढऱ्या गोंदाचा डबा काढला, ब्रश बुडवला आणि फोटोंच्या पाठीला, पानांना, दोन्हीकडून सढळ हात मारला. कंजुषी केली की कोपरे उचलतात. फोटो बसवले, वरून फडक्याने दाबले, पानावर पान ठेवलं, आणि ओला आहे तोवर सगळा गठ्ठा शिकंज्यात धरला.

सुतार शिकंजा का लावतो? गोंद घट्ट धरेपर्यंत दोन लाकडं हलू नयेत म्हणून. किती आवळायचा? कडेने गोंदाचे पांढरे मणी बाहेर येईपर्यंत. मणी आले की सांधा भरला. मिस्त्रीने दांडा फिरवला, पुस्तकाच्या चारही कडांनी मण्यांची सुरेख रांग आली. ती ओल्या फडक्याने पुसून तो समाधानाने वर गेला आणि जेवताना बायकोला म्हणाला, "तिला सांग, काम झालंय."

दुसऱ्या दिवशी सकाळी त्याने शिकंजा सोडला. पुस्तक हातात घेतलं, सवयीने बोटाच्या पेराने वाजवून पाहिलं. टक, टक. कुठेही पोकळ नाही. एकसंध. मिस्त्रीची छाती अभिमानाने फुगली, आणि मग अर्ध्यावरच थांबली. पुस्तक एकसंध कसं वाजेल?

त्याने पान उलटायला बोट घातलं. बोट शिरेना. नख घातलं. नख तुटलं. बिजागऱ्या होत्या तिथे चकाकत होत्या, पण उघडायला काही नव्हतंच. पुठ्ठ्याचे थर, मधे गोंद, वरून दाब. आयुष्यभर त्याने बाजारातून आणली तीच वस्तू आज त्याने घरी तयार केली होती. मिस्त्रीने फोटोंचं प्लायवूड केलं होतं.

आणि त्याच्या आत कुठेतरी ती हसणारी बाई होती. खुर्ची मोडली तर नवी करता येते. ही बाई पुन्हा कोण करणार? ती आता कुणासाठी हसणार नव्हती आणि कुठला फोटोवाला स्टुलावरून पडणार नव्हता.

चहा प्यावा आणि डोकं चालवावं म्हणून तो पुस्तक घेऊन वर गेला, ते ओट्यावर ठेवलं आणि तोंड धुवायला वळला. मागून बायकोचा आवाज आला, "अगं बाई, छान फळी केलीत! मला हवीच होती." तिने त्यावर कांदा ठेवला होता आणि सुरी उचलली होती.

मिस्त्रीने अशी आरोळी ठोकली की शेजारच्यांनी खिडकी उघडली.

बायकोला सगळं सांगावं लागलं. तिने कपाळाला हात लावला, मग गुडघ्याला लावला, आणि म्हणाली, "आधी त्या टीचरबाईंना दाखवून या. काही उपाय असेल."

टीचरबाईंनी पुस्तक हातात घेतलं, वजनाने त्यांचा हात खाली गेला. त्यांनीही ते वाजवून पाहिलं.

"गेल्या शनिवारी का नाही आलात?"

"चिकटवण्याचा तास होता ना," मिस्त्री म्हणाला. "म्हटलं, ते येतं मला."

"अहो, त्या तासाला मी हेच शिकवते की जुना फोटो चिकटवायचाच नसतो! आधी त्याची कॉपी काढायची, कॉपी वहीत लावायची आणि मूळ फोटो कपाटात जपायचा. आणि कॉपीसुद्धा कागदी कोपऱ्यांत नुसती अडकवायची, म्हणजे हवी तेव्हा काढता येते." मग त्यांना त्याच्याकडे बघून वाईट वाटलं असावं. "याला माझ्याकडे उपाय नाही हो. सांधा उघडायचा म्हणजे सुतारच गाठायला हवा."

मिस्त्री घरी आला आणि बायकोला म्हणाला, "तिला सांग..."

"नाही."

"पुरतं ऐक तरी."

"नाही सांगणार," बायको म्हणाली. "चहाचं सांगितलं, जिन्याचं सांगितलं, पंखा बंद कर म्हणून सांगितलं. आजवर तुमचा एक निरोप मी खाली पडू दिला नाही. पण हा मी नाही पोचवायची. तिच्या आईचा फोटो आहे तो. तुम्ही तिच्या तोंडावर सांगायचं."

खाली जाऊन मिस्त्रीने ड्रिल मशीनसमोर तालीम केली. मशीनला सांगितलं, कपाटाला सांगितलं, दोन्ही वेळेला बरं जमलं. मग तो वर आला. सून खुर्चीत बसून लोकरीचं काहीतरी विणत होती.

"हे बघ," मिस्त्री म्हणाला. सुनेने आधी मम्मीकडे पाहिलं. मम्मी भिंतीकडे बघत होत्या. "तुझ्या आईला मी चिकटवलंय."

"कुठे?" सुनेला कळेना.

"मला."

सून आणखी बुचकळ्यात पडली. मिस्त्रीने मागे लपवलेलं पुस्तक पुढे धरलं, आणि तालमीतलं एकही वाक्य आठवेना तेव्हा जे होतं तेच सांगून टाकलं. क्लास बुडवला, गोंद लावला, शिकंजा आवळला, उघडत नाही. सांगता सांगता त्याचा आवाज बारीक होत गेला.

सुनेने पुस्तक मांडीवर घेतलं. कड चाचपडली. "मी सांगितलं होतं ना हा एकच आहे म्हणून," ती म्हणाली. ओरडली नाही. ओरडली असती तर मिस्त्रीला बरं वाटलं असतं. तिचे डोळे भरून आले, विणकाम खाली पडलं, आणि ती उठून आपल्या खोलीत गेली. दार लागलं. ते दार मिस्त्रीनेच बसवलेलं होतं, त्याला अजिबात फट नव्हती, त्यामुळे आत ती रडतेय की नाही हेसुद्धा बाहेर कळेना. त्याला स्वतःच्या कारागिरीचा इतका राग आयुष्यात कधी आला नव्हता.

बऱ्याच वेळाने ती बाहेर आली. डोळे लाल, बाह्या वर केलेल्या.

"तुम्ही दुसऱ्यांच्या खुर्च्या उघडता ना दुरुस्तीला? त्या कशा उघडता?"

"वाफेने," मिस्त्री म्हणाला. "गरम वाफ दिली की गोंद मऊ पडतो. पण ते लोकांचं काम असतं. मी जोडलेलं उघडायची वेळ कधी आली नाही. फोटो वाफेला टिकतील याची खात्री नाही. सगळंच जाईल कदाचित."

"आत राहिलं तरी गेलंच की. चला खाली."

मिस्त्रीने बाकावर पुस्तक धरलं. केटलीची वायर ओढून आणली, बारीक लवचिक पातं शोधलं. सून केटली घेऊन उभी राहायला लागली तर म्हणाला, "उभी नको राहू. ते स्टूल घे. ते नको, ते डुगडुगतं, दुसऱ्याचं आहे. हे घे." बायको जिन्याच्या शेवटच्या पायरीवर गुडघा धरून बसली होती. तिने एकदम मान वर केली, दोघांकडे पाहिलं, आणि जीभ चावून गप्प राहिली. आता मधे बोलले तर स्वारी पुन्हा बंद पडेल, हे तिला बरोबर ठाऊक होतं.

"कडेला वाफ दे. इतक्या जवळून नको, हात भाजेल. हां. आता सावकाश पुढे."

"इथे सुटतंय, पप्पा."

"थांब, घाई नको. मला पातं घालू दे. आता धर ते टोक. ओढू नको, नुसतं धर."

पहिलं पान सुटलं. मुलाचा फोटो आला, पण डावा कान समोरच्या पानावर राहिला. "तसाही त्या कानाने ऐकतच नाही," सून म्हणाली. पुढच्या पानावर बायकोचे पाय गेले. "बरं झालं," पायरीवरून आवाज आला, "त्या चपला मला कधीच आवडल्या नव्हत्या." सुनेने खालची ओळ मोठ्याने वाचली, "बायको. उभी. उन्हात," आणि म्हणाली, "आता उभी कुठेय?"

मिस्त्री हसला नाही. त्याचं लक्ष पुढच्या पानांच्या जोडीवर होतं. त्याने पातं पुसून घेतलं.

"ही ती," तो म्हणाला.

केटलीत पुन्हा पाणी भरलं. वाफ दिली, फडकं ठेवलं, पुन्हा वाफ दिली. मिस्त्रीने पातं केसभर आत सरकवलं, थांबला, पुन्हा केसभर सरकवलं. सून केटली अगदी स्थिर धरून बसली होती. कपाळ सुटलं, डोळे सुटले, नाक सुटलं. मग एक बारीक आवाज झाला, ओली साल निघावी तसा, आणि दोन्ही पानं वेगळी झाली.

डाव्या पानावर सुनेची आई होती, नाकापर्यंत. त्याखाली नुसता पांढरा कागद. हसू गेलं होतं. मिस्त्रीने डोळे मिटले.

"चूक माझी," तो म्हणाला. "शंभर टक्के माझी. तू जपा म्हणालीस आणि मला तेव्हा एक शब्द बोलवला नाही. नुसतं हो म्हणायचं होतं, तेही जमलं नाही. मला लाकडाशी बोलता येतं फक्त. माफ कर, पोरी."

त्याने डोळे उघडले. सून उजव्या पानाकडे बघत होती. तिची हनुवटी थरथरत होती, आणि मिस्त्रीला वाटलं, आता बांध फुटणार. त्यानेही उजवीकडे पाहिलं.

उजव्या पानावर तो स्वतः होता. कपाळाला आठ्या, डोळ्यांत राग, भरघोस मिशा. आणि त्या मिशांच्या बरोबर खाली, जिथे त्याचं घट्ट मिटलेलं तोंड असायचं, तिथे सुनेच्या आईचं हसू येऊन बसलं होतं. अख्खं. तुटका दात फक्त डावीकडचा उजवीकडे गेला होता. असा रागीट माणूस इतका खदखदून हसताना जगात कुणी पाहिला नसेल.

सुनेच्या तोंडून एक विचित्र आवाज निघाला. मग दुसरा. मग तिने डोकं मागे टाकलं आणि ती हसायला लागली, पोटावर हात धरून, डोळ्यांतून पाणी गळत असताना, पोटापासून. मिस्त्री तिच्याकडे बघतच राहिला. मग त्याने पानाकडे पाहिलं. मग पुन्हा तिच्याकडे. दात सोडला तर काडीचा फरक नव्हता.

"अगं," तो म्हणाला, "तुझ्याकडेच आहे की ते."

"काय?"

"तुझ्या आईचं हसू. हे इथे आहे तसंच." त्याला ते आणखी नीट सांगता आलं नाही, म्हणून त्याने कोपऱ्यातला आरसा उचलून तिच्यासमोर धरला. सुनेने त्यात पाहिलं. हसता हसता ती रडायला लागली, आणि मग नीट, सावकाश, हुंदके देऊन रडली. मिस्त्री आरसा धरून उभा राहिला. पायरीवर बायको पदराने डोळे पुसत होती.

मग सुनेने नाक पुसलं आणि ते ओलं पान दोन्ही हातांनी उचलून वाळत ठेवलं.

"याला हात लावायचा नाही," ती म्हणाली. "हे पुस्तकात असंच राहणार."

"असं? लोक काय म्हणतील?"

"बाळ काय म्हणेल ते बघा. खाली लिहा काहीतरी. माप नको हं."

मिस्त्रीने कानावरची पेन्सिल काढली. पान वाळेपर्यंत विचार केला. मग हार मानून तिलाच विचारलं, "काय लिहू? हे कोण म्हणून सांगायचं बाळाला?"

सूनबाई पानावर वाकली.

"लिहा," ती म्हणाली, "वरचे अर्धे आजोबा, खालची अर्धी आजी. आणि हसतेय ती आजी."